कोट आणि त्याचे रहिवासी



ज्युबिलीच्या स्मरणिकेंत धर्मग्रामाचा इतिहास द्यावा, अशी आपल्याकडे रूढि आहे. त्याप्रमाणें हा लेख लिहावयास घेण्यापूर्वीं मी बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या काढून बसलों. बालकाचें नांव, आईबापांचीं नांवें, धर्मपित्याचें व धर्ममातेचें नांव आणि बापाचा व्यवसाय अशा रकान्यांवरून नजर फिरत असतां एक शब्द पुनःपुन्हां दिसूं लागला. 'कारकून, फोर्ट.' 'बँकेंत शिपाई, फोर्ट.' 'टंकलेखक, फोर्ट.' 'पेढीवर नोकर, फोर्ट.' उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यांत जन्मलेल्या इतक्या मुलांच्या नोंदींत साठ-सत्तर किलोमीटरांवरील एका वस्तीचें नांव यावें, हें मला प्रथम चमत्कारिक वाटलें. मग विचार करितां ध्यानांत आलें कीं, आपल्या धर्मग्रामाचा आरंभ शोधावयाचा तर तो त्या वस्तीच्या वेशीपासूनच शोधिला पाहिजे. जिला आपले वडीलधारे 'कोट' म्हणत व आपण 'फोर्ट' म्हणतों, त्या मुंबईच्या धनपेठेची व तेथें राहिलेल्या माणसांची ही हकीकत आहे.

तट, खंदक आणि तीन दरवाजे

पोर्तुगीजांच्या अमदानींत मुंबई बेट गार्सिया द ओर्ता नांवाच्या वैद्यास खंडानें दिलेलें होतें. हिंदुस्थानांतील औषधींवरील त्याचा ग्रंथ सन १५६३ मध्यें गोव्यास छापला गेला. विद्वानांस तो आजहि परिचित आहे. बंदराच्या कांठीं असलेल्या त्याच्या वाड्याच्या जागींच पुढें इंग्रजांचा किल्ला उभा राहिला. सन १६६१ च्या विवाहतहानें पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर हें बेट इंग्लंडच्या राजाकडे गेलें. राजास त्याचें फारसें महत्त्व वाटलें नाहीं. सन १६६८ मध्यें वर्षास दहा पौंड खंडावर त्यानें तें ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. दहा पौंडांत दिलेल्या या भूमीवरून आज साऱ्या देशाच्या चलनाचा कारभार चालतो, हा काळाचा महिमा होय.

कंपनीचा गव्हर्नर जेरल्ड आँजियर हा सन १६६९ पासून १६७७ पर्यंत कारभारावर होता. बंदर भरभराटीस आणावयाचें तर प्रथम व्यापारी आणून वसविले पाहिजेत, हें त्यानें ओळखिलें. बनिये आले, पारशी आले, आर्मेनियन आले. ज्याला त्याला आपापल्या धर्माप्रमाणें वागण्याची मोकळीक मिळाली. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत या वस्तीभोंवतीं दगडी तट उभा राहिला. त्यास तीन दरवाजे होते : दक्षिणेस अपोलो गेट, पश्चिमेस चर्च गेट व उत्तरेस बझार गेट. सन १७१८ च्या नाताळांत उघडलेल्या इंग्रजांच्या सेंट थॉमस मंदिरावरून चर्च गेटास नांव मिळालें. आज लाखों माणसें तें नांव रोज उच्चारितात. परंतु त्यांतील 'चर्च' तें कोणतें, हें सांगणारा विरळाच.

सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांच्या सैन्यानें वसई घेतली, तेव्हां मुंबईच्या व्यापाऱ्यांचें धाबें दणाणलें. तटाबाहेर खंदक खणण्याचें ठरलें आणि त्या कामीं प्रमुख देशी व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपयांची वर्गणी जमविली. आपल्यांपैकीं ज्यांचें मूळ वसईस आहे त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, ज्या लढाईनें त्यांच्या पूर्वजांवरील राज्य बदललें, त्याच लढाईच्या धास्तीनें कोटाचा खंदक खणला गेला.

हा कोट लांबीनें सुमारें एक मैल, रुंदीनें त्याहूनहि कमी. दक्षिणेच्या भागांत इंग्रजांचे बंगले व वखारी. उत्तरेस बझार गेटाकडे देशी लोकांची दाट वस्ती. खालीं पेढी व वर बिऱ्हाड, अशी तेथील घरांची रचना. शेटजी जिन्यावरून उतरले कीं गादीवर बसत. दिवेलागणीस खातेवही मिटली कीं जिना चढून मुलाबाळांत जात. धंद्याची जागा व संसाराची जागा यांमध्यें एका जिन्याचें अंतर होतें. पारशांची बनाजी लिमजी अग्यारी सन १७०९ मध्यें व माणेकजी शेट अग्यारी सन १७३३ मध्यें येथेंच स्थापन झाली. मेडोज स्ट्रीटवर आर्मेनियन ख्रिस्ती लोकांनीं सन १७९६ मध्यें सेंट पीटरचें मंदिर बांधिलें, आणि त्याच रस्त्यावर आपल्या कॅथलिकांचें चॅपेल होतें. गनबाव स्ट्रीट म्हणून जो रस्ता जुन्या मुंबईकरांस ठाऊक आहे, त्याचें नांव गणबाशेट या मराठी व्यापाऱ्यावरून पडलें असें इतिहासकार सांगतात. हे गणबाशेट म्हणजे नाना शंकरशेट यांच्या घराण्याचे पूर्वज होत. येणेंप्रमाणें कोट ही केवळ बाजारपेठ नव्हती. तेथें पाळणे हालत होते, प्रेतयात्रा निघत होत्या आणि आपापल्या भाषेंत प्रार्थना चालत होत्या.

तटासाठीं गेलेल्या जागा

परंतु ज्या तटानें आंतल्यांस अभय दिलें, त्यानेंच बाहेरच्यांस जागा सोडावयास लाविलें. शत्रूस आडोसा मिळूं नये व तोफांचा मारा मोकळा राहावा, म्हणून तटासमोरचें मैदान साफ ठेवण्याचा हुकूम झाला. त्या मैदानास एस्प्लनेड म्हणत. पुढें सन १८०३ नंतर ही मोकळ्या जमिनीची मर्यादा आठशें यार्डांपर्यंत वाढविण्यांत आली.

जिच्या नांवावरून शहरास मुंबई हें नांव पडलें, त्या मुंबादेवीचें जुनें देऊळ बोरीबंदराच्या बाजूस होतें. अठराव्या शतकांत तें तेथून हालवून भुलेश्वराकडे नेण्यांत आलें. त्याच शतकाच्या मध्याच्या सुमारास एस्प्लनेडवरील आपल्या कॅथलिकांचें मंदिरहि पाडण्यांत आलें. तें मंदिर पवित्र मरियेस अर्पिलेलें होतें व तिचें तेथील अभिधान 'नोस्सा सेन्योरा द एस्पेरान्सा', म्हणजे आशेची माता, असें होतें. तोफांच्या वाटेंतून आशामातेस बाजूस करण्यांत आलें! तिचें नवें मंदिर भुलेश्वराकडे काव्हेल या जुन्या ख्रिस्ती वस्तींत उभारिलें गेलें आणि पुढें पुष्कळ वर्षें तेंच मुंबईच्या बिशपांचें कॅथीड्रल होतें. कोळ्याभंडाऱ्यांची देवी व कॅथलिकांची माता या दोघींस एकाच तटापायीं निघावें लागलें आणि दोघींचे भक्त एकाच मोहल्ल्याचे शेजारी झाले, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखकांनीं अधिक ठळकपणें सांगावयास हवी होती.

आपल्या धर्मगुरूंसहि याच सुमारास परागंदा व्हावें लागलें होतें. सन १७२० मध्यें इंग्रज सरकारनें पोर्तुगीज फ्रान्सिस्कन धर्मगुरूंस बेटाबाहेर घालविलें व त्यांच्या जागीं कार्मेलाइट धर्मगुरूंस आणिलें. मंदिर गेलें, धर्मगुरू गेले. भाविक मात्र राहिले. एस्प्लनेडच्या मैदानाचा जो भाग आज क्रॉस मैदान म्हणून ओळखिला जातो, त्याचें नांव तेथील पोर्तुगीजकालीन क्रूसावरून पडलें आहे. त्या क्रूसापाशीं फुलें वाहणारे व मेणबत्ती लावणारे आजहि दिसतात.

पत

आतां या कोटांत धन कसें वाढलें तें पाहूं. तटाच्या आंत एक मोकळें मैदान होतें; त्यास बाँबे ग्रीन म्हणत. तेथें कापसाचे गठ्ठे रचिले जात. सन १८४४ मध्यें कापसाचा बाजार कुलाब्यास गेला. मैदानाच्या कडेस सन १८३३ मध्यें टाऊन हॉल पुरा झाला होता आणि टांकसाळहि त्यापूर्वींच जवळच उभी राहिली होती. सन १८४० मध्यें बँक ऑफ बाँबे स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टाऊन हॉलासमोरच्या वडाखालीं पांचसहा दलाल जमत व कंपन्यांचे भाग आणि रोखे यांची खरेदीविक्री करीत. ना कचेरी, ना पाटी, ना छप्पर. एकानें तोंडानें भाव सांगावा, दुसऱ्यानें मान हालवावी, कीं सौदा पुरा. पुढें मंडळी वाढली, जागा बदलत गेली आणि सन १८७४ मध्यें ज्या गल्लींत त्यांनीं ठाण मांडिलें, तिला दलाल स्ट्रीट हें नांव पडलें. सन १८७५ मध्यें त्यांनीं आपली रीतसर संस्था स्थापिली. आरंभीं सभासद ३१८ व प्रवेशाची वर्गणी एक रुपया होती. तीच आजची बाँबे स्टॉक एक्स्चेंज.

व्यापाऱ्याच्या या भरंवशास मराठींत 'पत' असा सुंदर शब्द आहे. इंग्रज त्यास 'क्रेडिट' म्हणतात, आणि तो शब्द मूळचा लॅटिन आहे. सेमिनरींत लॅटिन शिकतांना आम्हांस प्रथम जीं क्रियापदें पाठ करावीं लागलीं, त्यांत 'क्रेदो' हें एक होतें. त्याचा अर्थ 'मी विश्वास ठेवितों'. मिस्सेंत ज्या शब्दानें आपला विश्वासांगीकार लॅटिनमध्यें आरंभितो, तोच हा शब्द. तात्पर्य, पेढीवरील पत व वेदीपुढील श्रद्धा या एकाच मुळाच्या दोन फांद्या आहेत. दोन्हींत न दिसणाऱ्या गोष्टीवर मनुष्य आपलें दिसणारें सर्वस्व सोंपवितो. म्हणूनच जो पत मोडतो, तो केवळ पैका बुडवीत नाहीं. माणसांत एकमेकांवर विसंबण्याची जी शक्ति असते, तिलाच तो धक्का देतो.

कोटानें अशी पत मोडलेली एकदां पाहिली. सन १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस इंग्लंडास पोंचेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसासाठीं मागतील तो भाव देऊं लागल्या. मुंबईंत पैशाचा पूर आला. तो कोठें गुंतवावा हें सुचेना, तेव्हां रोज नव्या बँका व कंपन्या निघूं लागल्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठीं निघालेल्या बॅकबे कंपनीचा पांच हजारांचा भाग पन्नास हजारांवर गेला. शेटसावकार, अंमलदार, कारकून, सारेच या नादीं लागले. प्रेमचंद रायचंद हे या खेळाचे सूत्रधार होते. त्यांच्या शब्दावर बँकांच्या तिजोऱ्या उघडत. सन १८६५ च्या एप्रिलांत अमेरिकेंतील युद्ध संपल्याची वार्ता आली. कापसाचा भाव कोसळला आणि वायदे पुरे करण्याचा दिवस, १ जुलै, उजाडला तेव्हां देणें देण्यास कोणापाशींहि कांहीं नव्हतें. मोठमोठ्या पेढ्या बसल्या. बँक ऑफ बाँबेनें भागांच्या तारणावर वाटेल तशीं कर्जें दिलेलीं होतीं. ती सन १८६८ मध्यें मोडीत निघाली व त्याच नांवाची नवी बँक काढावी लागली. सन १८६४ च्या खानेसुमारींत शहराची वस्ती ८,१६,५६२ भरली होती. ती सन १८७२ मध्यें ६,४४,४०५ वर आली. पैशाच्या पाठोपाठ आलेलीं माणसें पैशाच्या पाठोपाठ निघून गेलीं.

प्रेमचंदहि बुडाले. परंतु भरभराटीच्या दिवसांत त्यांनीं विश्वविद्यालयाच्या मनोऱ्यासाठीं दोन लाख रुपये दिले होते. आपल्या आईचें नांव त्यास द्यावें, एवढीच त्यांची इच्छा होती. तो राजाबाई मनोरा सन १८७८ मध्यें पुरा झाला. साठवलेलें गेलें व दिलेलें मात्र राहिलें, असा बोध त्यांतून कोणीहि घ्यावा.

धन आंत, माणसें बाहेर

कोटांतून बिऱ्हाडें उठण्यास आरंभ झाला तो आगीनें. सन १८०३ च्या १७ फेब्रुवारीस उत्तरेकडील भागांत भयंकर आग लागली व घरेंच्या घरें भस्मसात झालीं. त्यानंतर पुष्कळ कुटुंबें तटाबाहेर जाऊन वसलीं. पुढें सन १८६० नंतरच्या दशकांत गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत तटच पाडण्यांत आला. जुन्या बाँबे ग्रीनभोंवतीं गोलाकार इमारतींची रांग उभी राहिली. तिला एल्फिन्स्टन सर्कल म्हणत. स्वातंत्र्यानंतर तिला पत्रकार हॉर्निमन यांचें नांव मिळालें. 'मुंबई समाचार' हें सन १८२२ पासूनचें वृत्तपत्र याच परिसरांतून निघतें. जागेचा भाव चढत गेला, तसतसें वरचें बिऱ्हाड उठून तेथेंहि कचेरी आली. धंदा व संसार यांमधील जिन्याचें अंतर आतां रस्त्यांचें झालें, आणि पुढें लोहमार्गाचें.

लोहमार्गाशीं आपल्या मुलखाचा संबंध फार जुना आहे. हिंदुस्थानांत आगगाडी आणण्यासाठीं झटणाऱ्यांत नाना शंकरशेट अग्रभागीं होते, आणि नानांचा जन्म सन १८०३ मध्यें आपल्याच ठाणें जिल्ह्यांतील मुरबाडचा. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली, दुसऱ्या वर्षीं ती कल्याणास पोंचली व सन १८५६ मध्यें मार्ग बदलापुरावरून खोपोलीकडे गेला. ज्यांच्या पूर्वजांचें नांव कोटांतील रस्त्यास पडलें, त्यांनींच कोटाचें दार आपल्या दिशेस उघडून दिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या कोटांत आपल्या लोकांनीं प्रामुख्यानें लेखणीची चाकरी केली. मुंबई, साष्टी व वसई येथील मराठी बोलणारे कॅथलिक कंपनीच्या दिवसांपासून कारकुनी करीत आले होते. पुढें गोव्याहून व मंगळुराहून धर्मबंधु त्याच नोकऱ्यांसाठीं येऊं लागले, तेव्हां आपण या भूमीचे मूळचे व कंपनीचे जुने सेवक आहों हें दाखविण्यासाठीं त्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. तें वर्ष १८८७, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या ज्युबिलीचें होतें. एका ज्युबिलीच्या वर्षीं एका समाजानें आपलें नांव निवडिलें, तें कचेरींतील खुर्चीच्या काळजीनें! यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. पोट सर्वांनाच आहे. तथापि एकाच वेदीपुढें गुडघे टेकणारे एका खुर्चीसाठीं एकमेकांस परके समजूं लागले, हें विसरणेंहि बरें नव्हे.

कोटांतील कॅथलिक कुटुंबें कमी होत गेलीं. मेडोज स्ट्रीटवरील चॅपेलाची जागा कोटाच्या दक्षिणेस वूडहाऊस रस्त्यावरील पवित्र नामाच्या मंदिरानें घेतली. तें सन १९०५ मध्यें पुरें झालें व आज तेंच आपल्या महाधर्मप्रांताचें कॅथीड्रल आहे. सन १९३५ मध्यें कलकत्त्यास स्थापन झालेली रिझर्व्ह बँक सन १९३७ मध्यें कायमची मुंबईस आली. सन १९४७ च्या भाडेकायद्यानें जुनीं भाडीं बांधून टाकिलीं, त्यामुळें बझार गेटाकडच्या गल्ल्यांत कांहीं जुनीं पारशी व गुजराथी कुटुंबें टिकून राहिलीं. बाकी संध्याकाळ झाली कीं हा भाग ओस पडतो. दिवसा ज्या पदपथावर पाय ठेवावयास जागा नसते, तेथें रात्रीं पहारेकऱ्याची काठी तेवढी ऐकूं येते.

आणि आतां धनानेंहि पाय काढता घेतला आहे. सन १९९५ मध्यें दलाल स्ट्रीटवरील सौदे यंत्रावर होऊं लागले व आरोळ्यांनीं दुमदुमणारा तो चौक शांत झाला. नवी राष्ट्रीय स्टॉक एक्स्चेंज व पुष्कळ बँकांच्या मुख्य कचेऱ्या वांद्रें-कुर्ला संकुलांत गेल्या. ज्या धनानें माणसांस उठविलें, तें धनहि तेथें कायमचें राहिलें नाहीं.

आपला पट्टा

मग कोटाचे रहिवासी गेले कोठें? याचें उत्तर पहाटेच्या गाडींत पाहावें. गेल्या कित्येक पिढ्या कोट ज्यांच्या श्रमावर चालला, तीं माणसें गिरगांवांतून दादरास, दादराहून डोंबिवलीस आणि तेथून पुढें आपल्याकडे सरकत आलीं. सन २०११ च्या खानेसुमारींत उल्हासनगरची वस्ती पांच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांवर व बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरांत होती. यांत कोणी वसईकर, कोणी नगर-संगमनेराकडचे, कोणी गोव्याचे, असे आपणहि आहोंत.

आपल्या आधीं येथें जे निर्वासित होऊन आले, त्यांचेंहि स्मरण केलें पाहिजे. महायुद्धाच्या काळांत कल्याणजवळ लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांस तिच्या बराकींत ठेवण्यांत आलें, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें उल्हासनगरची कोनशिला बसली. सिंधमध्यें शिकारपूर म्हणून एक शहर आहे. एके काळीं तेथील सराफांची हुंडी मध्य आशियापर्यंत वटत असे. त्या मुलखांतून आलेल्या लोकांपाशीं बराकींत एक ट्रंक व चार भांडीं असतील. परंतु शब्द पाळण्याची रीत त्यांनीं बरोबर आणिली होती. उधारीवर माल आणावा, विकावा व ठरल्या दिवशीं पैसे पोंचते करावे, या एका रीतीवर त्यांनीं बाजार उभे केले. पत ही इमारतींत नसते व तटाच्या आंतहि नसते. ती माणसाबरोबर चालते, हें आपल्या शेजाऱ्यांनीं आपल्या डोळ्यांदेखत सिद्ध केलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आपल्या एका वृद्ध धर्मबंधूस रुग्णाभ्यंग देण्यास गेलों होतों. त्यांनीं कोटांतील एका बँकेंत तेहतीस वर्षें चाकरी केली होती. अंथरुणांत पडल्यापडल्या त्यांनीं हिशेब मांडिला होता : रोज येण्याजाण्याचे तीन तास, वर्षाचे दोनशेंऐंशीं दिवस, तेहतीस वर्षें, एकूण २७,७२० तास, म्हणजे ११५५ अहोरात्र. तीन वर्षांहून अधिक आयुष्य गाडींत उभें राहून गेलें. 'फादर, कोटांत एवढीं वर्षें काढलीं, पण एक रात्र तेथें झोंपलों नाहीं,' असें ते म्हणाले. दुपारच्या सुटींत मात्र ते क्रॉस मैदानावरील क्रूसापाशीं जाऊन उभे राहत. तेथेंच कोठें जवळपास एके काळीं आशामातेचें मंदिर होतें, हें त्यांस कोणी सांगितलें नव्हतें. मीहि सांगितलें नव्हतें. कारण तेव्हां मलाच तें ठाऊक नव्हतें.

ज्युबिली

आतां एक गोष्ट सांगावयाची आहे. ती सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होणार नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आपल्यांतीलच एका ओळखीच्या गृहस्थानें थोड्या काळांत रक्कम दुप्पट करून देण्याची एक योजना आणिली. मिस्सा संपल्यावर त्याविषयीं दोन शब्द बोलण्याची परवानगी मीच त्याला दिली. माझ्या शेजारीं उभा राहून तो बोलला, म्हणून लोकांनीं विश्वास ठेविला. कोणी मुलीच्या लग्नाचे, कोणी फंडाचे, कोणी घराच्या हप्त्याचे पैसे दिले. ते बुडाले. एका विधवा भगिनीनें मला दोष दिला नाहीं. ती एवढेंच म्हणाली, 'फादर, तुम्ही उभे होतां ना, म्हणून दिले.' सन १८६५ च्या कोटाची हकीकत मी तेव्हां वाचलेली असती तर बरें झालें असतें. वेदीची पत मी दुसऱ्याच्या सौद्यास तारण दिली. त्याबद्दल मी परमेश्वराची क्षमा मागितली आहे. आज या पानांवर तुमचीहि मागतों.

लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचा नियम सांगितला आहे. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकावें, विकलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी, दास झालेल्यास मोकळीक मिळावी व प्रत्येकानें आपल्या घरीं परत जावें, असा तो नियम. कोटानें हा नियम कधीं पाळिला नाहीं. तेथून उठलेलें बिऱ्हाड परत गेलें नाहीं, आणि जाणारहि नाहीं. परंतु नियमाचा गाभा पाळणें आपल्या हातीं आहे. आपल्या घरांत भाड्यानें राहणाऱ्यास आपण उद्यां उठविण्याच्या धाकांत ठेवूं नये. गाडींतून थकून आलेल्या बापास रविवार तरी घरच्यांसाठीं मोकळा राहूं द्यावा. पोप लिओ तेरावे यांनीं सन १८९१ च्या 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकांत कामकऱ्याच्या रविवारच्या विश्रांतीचा आग्रह धरिला होता, तो उगीच नव्हे. दुप्पट रकमेच्या आमिषास कोणी बळी पडूं नये, आणि पडलाच तर त्याची थट्टा करूं नये. त्याचा हप्ता चुकतां कामा नये एवढी सोय आपण सर्वांनीं मिळून करावी. त्या योजनेंत पैसे बुडालेल्या कुटुंबांसाठीं या ज्युबिलीच्या वर्गणीचा पहिला वांटा काढून ठेवावा, अशी माझी धर्मग्राम-मंडळास विनंति आहे. कमान व रोषणाई मागाहूनहि करितां येईल.

सन १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत मुंबईस आंतरराष्ट्रीय युखारिस्त परिषद भरली व पोप सहावे पॉल तिला आले. ती भरली होती ओव्हल मैदानावर, राजाबाई मनोऱ्याच्या समोर, म्हणजे जुन्या एस्प्लनेडवरच. ज्या मैदानावरून दोनशें वर्षांपूर्वीं आशामातेचें मंदिर तोफांसाठीं उठविलें गेलें, त्याच मैदानावर मिस्साबलिदान अर्पिलें गेलें. तोवर तटहि नव्हता आणि तोफाहि नव्हत्या. आपल्यांतील कांहीं वृद्धांनीं तो सोहळा लहानपणीं बापाच्या खांद्यावर बसून पाहिला आहे. त्यांस विचारावें, ते सांगतील.

उद्यां पहाटेच्या गाडीनें कोटाकडे जाणाऱ्या माझ्या धर्मबंधुभगिनींनो, दुपारीं वेळ मिळाल्यास क्रॉस मैदानापर्यंत जाऊन या, आणि त्या क्रूसापाशीं आपल्या धर्मग्रामासाठीं एक 'नमो मरिया' म्हणा. आपण तेथून आलों आहों. संध्याकाळीं सुखरूप घरीं परत या.

ख्रिस्तांत तुमचा,
धर्मगुरू